सीटखालचा खुळखुळा

दुपारी लिंबाखाली बाज टाकून पडलो की डोळा लागतो, आणि डोळा लागला की अंगणातली व्हॅन सुरू होते. आवाज येत नाही. मला जागेपणीच धड ऐकू येत नाही, तिथं झोपेत कुठून येणार. पण गाडी हलकी हलकी थरथरताना दिसते, आणि पुढच्या डाव्या सीटवर, काळ्या घोंगडीच्या घडीवर कासाबाई बसलेली असते. डोक्यावर पदर, एक हात खिडकीबाहेर. ती बोलत नाही, मीबी बोलत नाही. गाडी चालवताना आमचं असंच होतं. जाग येते तेव्हा व्हॅन आपली बंद, टपावर लिंबाचा पाला पडलेला, आणि एखादी शेळी चाकाला अंग घासत उभी.

कासाबाई माझी बायको. तिला जाऊन सहा महिने झाले. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, तीबी गुरुजी मारायचे म्हणून सोडली. लिहायची सवय नाही. पण परवा पुतण्या आला आणि त्याच्यामुळं लिहायला बसावं लागलं.

पुतण्या दत्ता, केजला दुकानात असतो. चांगला आहे, तोंडाचा फटकळ आहे, आमच्या घराण्यात सगळेच आहेत. म्हणला, "तात्या, ती व्हॅन भंगारात द्या. मी मिस्तरी आणून दावला. इंजन गेलंय. तेल गळतंय, निळा धूर मारतीय. शुक्रवारी भंगारवाला येतोय."

मी विचारलं, "त्यानं खुळखुळा बघितला का?"

"कसला खुळखुळा?"

"मग त्यानं काय बघितलं बे?"

दत्तानं माझ्याकडं असं बघितलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याचा दोष नाही. खुळखुळा हे नाव जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि तिसरा खलील मिस्तरी. खलीलनं गॅरेज बंद केलं, तो पोराकडं बीडला गेला. कासाबाई तर गेलीच.

तर खुळखुळा म्हणजे काय ते सांगतो. जुन्या पेट्रोलच्या व्हॅनचं इंजन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं. त्याच्या डोक्यावरच्या झाकणात, रबराच्या कड्यात एक करंगळीएवढा वाल, शिकलेले व्हॉल्व्ह म्हणतात तो, खुपसलेला असतो. तिथून एक नळी निघते. इंजनाच्या पोटात जे धुराचं वारं साठतं ते या वालातून ओढलं जातं आणि परत जळायला जातं. एवढंच त्याचं काम. आत एक बारकी सोंगटी असते, ती खालीवर होते. वाल उपसून कानाशी हलवायचा. टिकटिक वाजला की जिता. नाही वाजला की काजळीनं चिकटला, मग दुसरा घालायचा. लहानसा जिन्नस. मिस्तरी लोक त्याच्याकडं बघत नाहीत, कारण बघितलं तर इंजन उतरवायला मिळत नाही. हे मी तोंडावर सांगतो, कुणाला राग आला तर येऊ द्या.

कासाबाई कडा गावाकडची, धनगराची लेक. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन निघायचा आणि ही पोर घोड्यावर, कोंबड्या आणि भांड्यांच्या मधी बसलेली. अक्षर एक येत नव्हतं. पण मेंढरांकडं पाठ करून भाकरी थापत असली तरी सांगायची, "त्या काळ्या कानाच्या मेंढीनं आज रवंथ केलं न्हाई." आणि नसायचंच केलेलं. मला वाटायचं हिला पाठीला डोळे आहेत. ते डोळे नव्हते, कान होते.

माझे कान खडीच्या मशिनीनं खाल्ले. तरुणपणी दहा-बारा वर्षं तिथं काढली. कान एकदम जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग शेजारी बोलायचे बंद झाले असं वाटलं, मग लोक म्हणायला लागले गडी माजलाय, हाक मारली तर ओ देत नाही. तोवर मी व्हॅन घेऊन केजच्या फाट्यावरून माणसं ने-आण करायला लागलतो. कानाचं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडीत बसलं कोण असतं.

एक दिवस उसाच्या ट्रकनं मागून भोंगा मारला म्हणे, एक-दोनदा नाही, फाट्यापासून. मी आपला रस्त्याच्या मधून. ट्रक अंगाला घासून गेला, आरसा मोडला. घरी येऊन मी म्हणलं, आरसा बाभळीला लागला. कासाबाईनं मोडक्या आरशाची कड बोटानं चाचपली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली तर ती घोंगडीची घडी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलेली.

"कुठं निघालीस?"

"तुमच्या कानाच्या जागी."

तेव्हापासून वीस वर्षं ती त्या सीटवरून उठली नाही. तिची एक रीत होती. मागून गाडी आली की माझ्या गुडघ्यावर एक टिचकी. कुणाला उतरायचं असलं की दोन. आणि मी जोरात हाणायला लागलो की चिमटा. लोकांना वाटायचं म्हातारा-म्हातारी लई रंगात आहेत. बाया पदरात तोंड घालून हसायच्या. कासाबाई ढिम्म. पुढं पुढं सगळे प्रवासी तिला मामी म्हणायला लागले, आणि भाडं माझ्याकडं न देता तिच्याकडंच द्यायला लागले.

एकदा कचेरीतला एक बाबू बसला. कडक इस्त्री, मांडीवर फायली. त्याला टिचक्यांचं कोडं पडलं. शेवटी न राहवून म्हणला, "काय हो बाई, गाडी तुम्ही चालवता का हे?"

"गाडी ह्ये चालवतेत," कासाबाई म्हणली, "कान मी चालवते. तुमच्या कचेरीत दोन्हीबी न्हाई, म्हणून तर आमचा कागूद दोन वर्सं तिथंच हाय."

गाडी हसून हलली. मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. संध्याकाळी तिनं चुलीपुढं बसून परत सांगितलं, माझ्याकडं तोंड करून, ओठ सावकाश हलवून. दिवसभराचं सगळं ती असंच सांगायची. कोण काय बोललं, कुणाची सून रुसली, कोणत्या पुलाखाली पाणी वाजत होतं. माझा दिवस मला संध्याकाळी मिळायचा. खरं सांगायचं तर तिच्या तोंडून तो जास्त बरा असायचा.

आता वालाचं. गाडी जुनी, तिच्यात तेलाचा वास यायला लागला. प्रवासी नाक धरायचे. स्टँडवरचे गाडीवाले म्हणले, त्या नळीतून वास येतोय, ती बुजवून टाक, आम्ही सगळ्यांनी बुजवलीय. मी शहाणा. बाभळीची खुंटी तासली, नळी उपसली, खुंटी ठोकली, वर चिंधी बांधली. वास गेला. मी खूश.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात तेल मोजायची पट्टी आपोआप उडून वर आली. सगळीकडून तेल झिरपायला लागलं. मी कपाळाला हात लावला, इंजन उतरवायचं आलं. कासाबाईनं मला सीट उचलायला लावली. गाडी चालूच होती. ती वाकून ऐकत उभी राहिली, मग इंजनाला हात लावला, मेंढराच्या कुशीला लावावा तसा, उलटा पंजा.

"पोट फुगलंय याचं," ती म्हणली. "वारं कोंडलंय. वल्ला घास खाल्ल्यावर मेंढरू असंच करतंय. कुणी दाबलं वारं?"

मी वाकून टायरची हवा बघायला लागलो.

"आवो, इचारतेय मी. कुणी दाबलं?"

मी चिंधीकडं बोट केलं. तिनं ती चिंधी सोडली, खुंटी धरली आणि अशी उपसली की तिच्या तोंडावर तेलाचा फवारा आला. कपाळ, नाक, कुंकू, सगळं काळं. तशीच उभी राहून ती म्हणली, "माझा बाप असता तर तुमाला मेंढरं वळायलाबी ठिवलं नसतं."

मग ती हसायला लागली. मला हसणं ऐकू येत नव्हतं, पण काळ्या तोंडात दात एवढे पांढरे दिसत होते की मी तिथंच बांधावर बसलो आणि हसलो. समोर हरभऱ्याचं रान होतं, ऊन कोवळं होतं, गाडीत पाच माणसं खोळंबलेली आणि आम्ही दोघं येड्यासारखे.

तिथून गाडी खलीलकडं नेली. खलील म्हणजे पान खाऊन बोलणारा माणूस, त्यामुळं तो काय म्हणतो ते ऐकणाऱ्यालाबी कळत नसे. तो म्हणला, "मामी, जरा उठना पडेगा, इंजन तुम्हारे नीचेच है." सीट उचलून त्यानं तो वाल काढला, कानाशी हलवला आणि फेकून दिला. नवा काढला, तोबी हलवला. मग नळीला लावून, इंजन चालू ठेवून, वालाच्या तोंडावर माझा अंगठा ठेवला. अंगठा आत ओढला गेला. वासरू बोट चोखतं तसा.

कासाबाईनं फेकलेला वाल उचलला, नवा मागून घेतला, एक या कानाशी, एक त्या. म्हणली, "ह्यो मुका हाय. ह्यो खुळखुळा हाय." तिथून नाव पडलं.

आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने केले, नवस केले, मग सोडून दिलं. त्याच्यावर आम्ही बोलत नव्हतो. त्या दिवशी येताना ती मात्र सहज बोलून गेली, माझ्याकडं तोंड करून, मला दिसावं म्हणून. "पाळणा तर हालला न्हाई आपल्यात. खुळखुळा तरी वाजतोय."

मी गाडी चालवत होतो, म्हणून काही बोललो नाही. थांबून बोलायला पाहिजे होतं.

पुढं तिला नादच लागला. दर अमावस्येला गाडी धुतली, हळदकुंकू लावलं की सीट उचलायची, वाल उपसायचा, कानाशी हलवायचा. वाजला की पेट्रोलच्या चिंधीनं पुसून परत बसवायचा. रबराचं कडं कडक झालंय का दाबून बघायचं, नळी चिरलीय का वाकवून बघायची. हे सगळं तीच. माझं काम सीट धरून उभं राहायचं.

खलीलला हे कळलं. त्यानं एक दिवस तिची परीक्षा घेतली. फडक्यात सहा-सात वाल बांधले, काही जुने, काही नवे. गॅरेजात दहा-बारा ड्रायव्हर गोळा झाले. कासाबाईनं डोळे मिटले, कारण डोळे उघडे असले की ऐकू कमी येतं असं तिचं म्हणणं होतं. एकेक हलवत गेली. हा जिता. हा मुका. हा म्हातारा झालाय, दोन महिने चालंल. एका नव्याकोऱ्याला ती थांबली.

"ह्यो नवा हाय?"

"एकदम नवा, मामी. आज खोला."

"नवा हाय पर जन्मतःच मुका हाय."

खलीलनं घेऊन हलवला. पानाचा तोबरा थुंकून आला, परत हलवला. खरंच आतली सोंगटी अडकलेली. ड्रायव्हरांनी ओरडा केला. खलीलनं चांगला वाल निवडला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "इनाम, मामी." तिनं तो गाडीला घातला नाही. चंचीत टाकला, सुपारी अन् काताच्या संगं. कुणी सुपारी मागितली की चंची सोडायची, त्यातून वाल निघायचा, माणूस दचकायचा. तिला ते लई आवडायचं.

मग माझे उरलेलेबी कान गेले आणि तिची तब्येत उतरायला लागली, दोन्ही एकाच वर्षी. ती वाळत गेली. एका अमावस्येला वाल हातात घेऊन मला म्हणली, "इकडं या. कान न्हाईत, दाढा तर हायेत." आणि तो वाल माझ्या जबड्याच्या हाडाला, कानाच्या खाली टेकवून हलवला.

टिक. टिक. हाडातून आलं. इतक्या वर्षांनी आलेला आवाज. आवाज पण नाही, कुणी आतून दार ठोकावं तसं.

"लागलं?"

"न्हाई," मी म्हणलं.

"परत बगा. लागलं?"

"न्हाई लागत."

"खोटं बोलू नका, तुमच्या डोळ्यांत दिसलं."

"न्हाई म्हणलं ना! तू हायेस की ऐकायला. कावून मला शिकवायलीस?"

मला शिकायचंच नव्हतं. शिकलो असतो तर ती गाडीत कशाला आली असती.

तिनं वाल बसवला. पुढं तीन-चार अमावस्या तेच. ती जबड्याला लावायची, मी न्हाई म्हणायचो. मग तीबी विचारायची बंद झाली. वाकवत नव्हतं तिला. तिचा आवाज इतका बारीक झालता की ती बोलते का नुसते ओठ हलवते ते इतरांनाबी कळायचं नाही. मला काय, मला फरक पडला नाही. मला ती आधीसारखीच ऐकू यायची.

आता आजचं सांगतो.

उद्या शुक्रवार. मी सकाळी व्हॅनपाशी गेलो. सहा महिन्यांत मी तिची सीट उचलली नव्हती. दत्तानं आणलेल्या मिस्तरीनंबी नव्हती उचलली, नुसती चावी मारून धूर बघितला आणि निकाल दिला. मी तेव्हा सीटपाशी उभा राहिलतो, त्याला उचलूच दिली नसती. खोटं कशाला बोलू.

आज उचलली. आधी घोंगडी काढली. तिच्या बसण्यानं घोंगडीला खळगा पडलाय, तो मोडू नये म्हणून ती तशीच दोन हातांवर धरून बाजेवर ठेवली. घडीत चंची होती. दवाखान्यात नेताना तिनंच ठेवली असणार. सुपारी वाळून खडा झालती. वाल होता, चकचकीत.

इंजनातला वाल उपसला. काळा, डिंकासारखा चिकट. कानाशी हलवला, काही नाही. पण माझ्या कानाचं काय घेऊन बसता. अंगण रिकामं होतं, शेळी सोडून कुणी नव्हतं. जबड्याच्या हाडाला टेकवला. हलवला. काही नाही. मग चंचीतला, इनामाचा घेतला आणि तसाच टेकवला.

टिक.

मी परत परत हलवत राहिलो. टिक, टिक. लिंबाची निंबोळी अंगावर पडत होती, ऊन हलत होतं, आणि दाढेत कुणीतरी बोलत होतं.

मग नवा नळीला लावला, गाडी चालू केली, अंगठा ठेवला. ओढला. वाल झाकणात बसवला. अर्धा तास गाडी तशीच चालू ठेवली. धूर आधी निळा, मग विरळ, मग असून नसल्यासारखा. तेल झिरपतंय थोडं, ते बघू. इंजन गेलेलं नाही. पोट फुगलं होतं त्याचं. दत्ताला फोन लावायला शेजारच्या पोरीला सांगितलं, त्याला म्हणावं भंगारवाल्याला येऊ देऊ नको. त्यानं विचारलं म्हणे, कोण मिस्तरी आणला? मी म्हणलं, सांग, मामी.

सगळं झालं. मग तो काळा वाल हातात राहिला आणि मी बाजेवर बसलो. बसलो ते उठलोच नाही.

कारण ती काजळी सहा महिन्यांची नव्हती. उभी गाडी काजळी धरत नाही. ती चालत्या गाडीची काजळी होती, वाल बंद पडून ती होती तेव्हाच लई दिवस झालते.

तिला आंबेजोगाईला दवाखान्यात नेलं त्या सकाळी मला आरशात निळा धूर दिसलता. थंडी होती. मी रस्त्याकडंला, एका वडाखाली गाडी उभी केली. तिला म्हणलं, जरा ऊठ, खुळखुळा बघू दे. घोंगडीवर ती बसलेली, दोन्ही पाय वर घेतलेले, इंजनाची ऊब अंगाखाली. तिनं माझ्याकडं तोंड केलं. ओठ सावकाश हलवले.

"नका उठवू. चांगला वाजतोय. चला."

वीस वर्षांत वालाच्या बाबतीत ती एकदाबी खोटं बोलली नव्हती. मी चाललो. तिच्या खाली वाल मुका होऊन बसलेला, तिला तो कळत नव्हता असं कुणी सांगितलं तर मी त्याच्या कानाखाली मारीन. तिला उठवत नव्हतं, आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं.

मग आम्ही गेलो, धूर सोडत, सावकाश. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंनी धुकं शेतावर बसलेलं, त्यात ज्वारीची कणसं तेवढी वर आलेली. मागून एक जीप आली. कासाबाईनं हात लांब केला, कसाबसा, आणि एक टिचकी मारली. मी बाजूला घेतली. जीप गेली. हात तिथंच राहिला, गुडघ्यावर. इतका हलका की मी दोनदा वाकून बघितलं, आहे का म्हणून.

दवाखान्याचं फाटक आलं. आत कसं जायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी हळू केली.

तिनं दोनदा टिचकी मारली.